गानं कोठे गये रे भो?

तुम्हाला म्हणून सांगते, बाहेर बोलू नका. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात गाणी पळवली जातात. तीही वरातीत, दोनशे माणसांच्या देखत. आणि पळवणाऱ्याला पोलिसात द्यायचं सोडून लोक त्याच्यावरून शंभराची नोट ओवाळून टाकतात!

झालं असं, की नवापूर तालुक्यात एका लग्नाला गेले होते. हल्ली लग्न जमलं की मुहूर्ताच्या आधी ‘बँड कोणता?’ हे विचारतात. बँड म्हणजे लाल कोट नि पितळी भोंगे समजू नका, ते दिवस गेले. आता पिकअप गाडीवर भिंतीएवढे स्पीकर, मागे धडधडणारा जनरेटर आणि वर कीबोर्ड, ऑक्टोपॅड. गाणारे आधी जोरात गातात. मग घसा बसला की चहाला उतरतात आणि गाडीवर उरतात तिघं: कीबोर्डवाला, पॅडवाला आणि दुसऱ्या कीबोर्डवर नुसते खालचे सूर दाबत बसलेला एक मुका माणूस. सगळा घोटाळा हे तिघं करतात.

त्या रात्री कीबोर्डवाल्याने ‘हाई झुमका वाली पोर’ धरलं. अहिराणीतलं हे गाणं आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ. पहिल्यांदा सरळ वाजवलं, मंडळी खूश. दुसऱ्यांदा ओळीचं शेपूट जरा वाकवलं. तिसऱ्यांदा गड्याने गाणं सोडूनच दिलं! उजवा हात पट्ट्यांवर मोकाट, आणि डाव्या अंगठ्याने कडेचं चाक मागेपुढे ढकलत सनईचा आवाज असा पिळला, की नवरदेवाची घोडी बिचकली. मध्येच गरब्याचा तुकडा, मध्येच जुन्या सिनेमातलं काहीतरी, मध्येच सोंगाड्या पार्टीतली चाल. नवापूरचं रेल्वे स्टेशन कसं अर्धं महाराष्ट्रात नि अर्धं गुजरातेत? तशी गत. नवरदेवाचे नाना कमरेवर हात ठेवून गाडीसमोर उभे राहिले आणि ओरडले, “गानं कोठे गये रे भो?”

नवरदेवाच्या आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. “शब्दच नाहीत, तर ते गाणं कसलं? मिरचीशिवाय ठेचा!” मिरचीच्या बाजाराच्या गावची बाई ती, उपमा दुसरी सुचणार कुठून. नाचणाऱ्यांचे पाय मात्र एका क्षणासाठीही थांबले नव्हते, हेही सांगून टाकते.

एवढ्यात पुण्याहून आलेला भाचा कानातलं काढून म्हणाला, “मावशी, हा तर जॅझ ट्रिओ!” मला वाटलं, पोराने शिवी दिली. मग त्याने समजावलं, आणि मला घेरीच यायची बाकी राहिली. कारण तिकडे अमेरिकेत हा उद्योग सुटाबुटातली माणसं करतात. पियानो, बास, ड्रम. तिघंच. गाणारा नाही. आणि पळवायची गाणी कोणती, तर घरोघरी माहीत असलेली, नाटका-सिनेमातली. त्या गाण्यांना म्हणे ‘स्टँडर्ड’ म्हणतात.

बिल एव्हान्स नावाचा चष्मा लावणारा, नीट भांग पाडलेला सभ्य गृहस्थ. त्याने १९५९ साली कोणतं गाणं उचलावं? ‘समडे माय प्रिन्स विल कम’! डिस्नेच्या १९३७च्या ‘स्नो व्हाइट’मधलं, राजपुत्राची वाट बघणाऱ्या पोरीचं गाणं. तिघं बाप्ये, आणि वाजवतात काय, तर कार्टूनमधलं! त्याच रेकॉर्डवर ‘ऑटम लीव्ह्ज’ आहे, ते तर मुळात फ्रेंचांचं. त्याच्याआधी १९५८मध्ये शिकागोच्या एका हॉटेलात अहमद जमालने ‘पॉइन्सियाना’ आठ मिनिटं घोळवलं. तेही कसं, तर जिथे सगळे वाजवतील तिथे हा गप्प बसायचा. गप्प बसण्याचे पैसे! आणि ती रेकॉर्ड खपाच्या यादीत दोन वर्षांहून जास्त ठाण मांडून होती.

कहर पुढेच आहे. २५ जून १९६१, रविवार. न्यूयॉर्कमध्ये व्हिलेज व्हॅनगार्ड नावाच्या तळघरात एव्हान्सचं त्रिकूट वाजवत होतं आणि रेकॉर्डिंग चालू होतं. आज जग ते कान टवकारून ऐकतं. भाच्याने ऐकवलं, तर मला काय ऐकू यावं? ग्लासांचा किणकिणाट आणि लोकांची कुजबुज! म्हणजे तिकडेही लोक आमच्या नानांसारखेच. त्यात बासवाला स्कॉट लफारो. त्याने गपगुमान खालचे सूर धरावेत ना? तो पियानोच्या बोलण्यात बोलतोय, तोंड वर करून! पुढे ११ दिवसांनी मोटार अपघातात गेला बिचारा. अवघा २५ वर्षांचा. म्हणून त्याच्याबद्दल जास्त बोलत नाही.

आता आतली गोष्ट. गाणं पळवलं असं वाटतं, पण नुसती चाल उचललेली असते, घर जागेवरच असतं. ‘ऑटम लीव्ह्ज’चं आवर्तन ३२ बारचं, म्हणजे ठेक्याच्या ३२ तुकड्यांचं. वर पियानो कुठेही भटको, खाली ते आवर्तन फिरतच असतं आणि तिघंही मनात मोजत असतात. म्हणून तर अर्ध्या रात्रीतून तिघं एकदम दारात हजर होतात. आपले ख्यालगायक ताना घेत हिंडून समेवर येतात, त्यातलाच प्रकार.

आणि आपण तरी कुठले सोवळे? बालगंधर्वांच्या नाटकात एकेका पदाला ‘वन्स मोअर’ मिळता मिळता पहाट व्हायची, कथानक बिचारं विंगेत ताटकळायचं. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी तर जॅझच घरात आणला. १९५१च्या ‘अलबेला’मध्ये ताज हॉटेल गाजवणारा गोव्याचा चिक चॉकलेट आपल्या वाजंत्र्यांसह पडद्यावर दिसतो. तेव्हा कोणी पदर तोंडाला लावला नाही. वाजवणारा ताजमध्ये असला की कला, पिकअपवर असला की धिंगाणा!

असो. रात्रीचे दहा वाजत आले. दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा कायदा. नाना सारखे घड्याळ बघत होते. कीबोर्डवाल्याने मान खाली घातली होती, टोपी डोळ्यांवर आली होती. त्याने मुक्याकडे नुसता भुवईने इशारा केला, पॅडवाल्याने एक लांब फेक दिली, आणि काय सांगू, ‘झुमका’ मुखड्यासकट धाडकन अंगणात! अख्खी वरात ओरडली. आत्याबाई ओरडल्या. त्यांनी ते नाकारलंय, पण मी शेजारीच होते.

नानांनी खिशातून नोट काढली, कीबोर्डवाल्यावरून ओवाळली आणि मला म्हणाले, “कोठेच नही गये ते. फेरा मारीसन घर उनं.”

आता नातीच्या लग्नासाठी त्यांनी याच तिघांना सांगून ठेवलंय. नात तिसरीत आहे.