हळदीच्या पैशाने क्रेडिट कार्ड फेडण्याचा शास्त्रोक्त विधी

हा विधी सिद्धेश्वर आणि पंचक्रोशीतल्या अशा घरांसाठी आहे, जिथे बाप पूर्णेच्या कालव्यावर हळद पिकवतो आणि पोरगं पुण्यात कार्ड घासतं. दोघं एकाच गावात राहत असते, तर कार्डाचा पत्ता पहिल्याच महिन्यात लागला असता आणि विधीऐवजी चपलेवर काम भागलं असतं.

प्रथम अवचित धन ओळखावं. वाट्टेल त्या पैशाला हे नाव देऊ नये. हळद नऊ महिने जमिनीत राहते. मग ती काढायची, शिजवायची, वाळवायची, ढोलात घालून पॉलिश करायची. एवढं करून आलेल्या रकमेला घबाड म्हणणाऱ्याला एक दिवस हळदीच्या कुकरजवळ उभं करावं. अवचित असतो तो भाव. 2023 च्या उन्हाळ्यात क्विंटलला सात हजारांच्या आसपास घुटमळणारी हळद त्याच पावसाळ्यात दुपटीच्या पुढे गेली. आधी विकून बसले ते हळहळले. ज्यांची पोती ट्रॅक्टर मिळाला नाही म्हणून घरातच राहिली, ते पारावर बाजाराचे जाणकार झाले. आपण धरलेल्या भावाच्या वर जे आलं, तेवढंच अवचित. ते वसमतला किंवा हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डातच वेगळं मोजून घ्यावं. घरी जाऊन मोजू म्हणणाऱ्याला मोजायला फारसं उरत नाही.

मग गुप्तता. औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगोची वेधशाळा व्हायची आहे. 2,600 कोटींच्या त्या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने 2023 साली मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा लावून, कोट्यवधी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की उठणारी लहर तिथे पकडणार आहेत. हळदीची पट्टी हातात पडली की उठणारी लहर मात्र आपल्याकडे पूर्वीपासून पकडतात, आणि त्याला भुजा लागत नाहीत. तुम्ही एसटीतून उतरायच्या आत मेव्हण्याचा फोन येतो, "दाजी, हळद लागली म्हणे तुम्हाला!"

मेव्हण्याच्या मागे रांग असते. कृषी सेवा केंद्राची खता-औषधाची उधारी, घरच्या बाईंच्या बचत गटाचा हप्ता, सप्ताहाची वर्गणी, नागनाथाला बोललेला नवस, पुतणीच्या लग्नाचा आहेर, आणि एक मोटारसायकल, जिच्यावाचून धाकट्याचं शिक्षण अडलं आहे. यातला जो तो तुम्हाला रस्त्यात गाठतो, चहा पाजतो, गुडघ्याची विचारपूस करतो. कार्डवाल्या बँकेने तुमचा गुडघा कधी विचारलेला नाही. म्हणून ती रांगेत शेवटी.

इथे धरणाकाठच्या माणसाला वेगळं शिकवायला नको. पूर्णेवर वर येलदरी, खाली 1968 चं सिद्धेश्वर. येलदरी भरतं, पाणी सुटतं, सिद्धेश्वरातून कालव्याला येतं, आणि तरी हेडवाले आधी रान भिजवून घेतात व टेलला धूळ उडते. म्हणून पाटबंधाऱ्याचा नियमच आहे की पाणीपाळी टेलकडून हेडकडे यावी. पाळला जातो तो बहुतेक कागदावर, पण नियम शहाणा आहे. पैशाची पाळीही तशीच लावावी. चहा पाजणारे सगळे हेडचे. ज्याची ओळखदेख नाही आणि व्याज सगळ्यात जास्त, तो टेलचा, त्याला आधी सोडावं.

व्याज किती, ते पोराला विचारावं. तो "साडेतीन टक्के, आबा" म्हणेल आणि आबांचा जीव भांड्यात पडेल, कारण पीककर्ज तर सात टक्क्यांचं. जीव ताबडतोब भांड्यातून बाहेर काढावा. पोराचे साडेतीन महिन्याचे आहेत. वर्षाचे 42 झाले. गावचा सावकार एवढं मागताना निदान खाली बघतो. शिवाय या व्याजावर 18 टक्के जीएसटी. लाख रुपये थकले असतील तर महिन्याचं व्याज 3,500, त्यावर कर 630. पोरगं छाती काढून सांगतं, "मी काय बुडवायलो का? दर महिन्याला मिनिमम भरतो की, पाच हजार!" त्या पाच हजारांतले 870 रुपये मुद्दलाला लागतात. उलट तुमचं तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेने बिनव्याजी पडतं. म्हणजे ज्या कर्जापायी आबांना झोप लागत नाही ते फुकटचं, आणि जे पोराच्या खिशात निवांत झोपलंय ते घर खातंय. पीककर्ज मुदतीला फेडा, मुदतीआधी धावू नका.

सगळ्यात अवघड पायरी आता येते, ती म्हणजे वाट न पाहण्याची. 2008 ला केंद्राची माफी झाली. 2017 ला राज्याची दीड लाखापर्यंतची, 2019 ला दोन लाखांपर्यंतची. मुकाट्याने वेळेवर फेडणाऱ्याला मागाहून 50,000 रुपयांपर्यंत प्रोत्साहन मिळालं, म्हणजे शाबासकीच्या चौपट माफी. एवढा सोपा हिशेब शेतकऱ्याने घोकला यात त्याचा दोष मला तरी दिसत नाही. मात्र नो-कॉस्ट ईएमआयवर घेतलेल्या मोबाइलसाठी अजून कुणी जाहीरनाम्यात ओळ घातलेली नाही. त्यासाठी ट्रॅक्टर आडवे लावून महामार्ग रोखला गेलेला नाही. कार्डाचा सातबारा कोरा करा, ही घोषणा निघेल तेव्हा निघेल, तोवर महिन्याला साडेतीन टक्के चालूच.

माफीची गावठी नक्कल म्हणजे सेटलमेंट. फोनवरचा गोड आवाज म्हणतो, लाखाचे साठ भरा, विषय संपवू. विषय संपत नाही. सिबिलवर 'सेटल्ड' असा शेरा बसतो आणि पुढे कुठलंही कर्ज मागायला गेलं की तो तुमच्या आधी टेबलावर हजर असतो. (पीककर्जाला सिबिल मागू नका, असा दम मुख्यमंत्री बँकांना देतात. दम पुन्हा पुन्हा द्यावा लागतो, यावरून काय ते समजा.) वसुलीचे हे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. नियम करणाऱ्याने शेतकरी पाहिलेला नसावा. तो नेमका आठच्या आधी आणि सातनंतरच घरी सापडतो.

प्रत्यक्ष भरणा. पोराच्या खात्यावर पैसे टाकू नयेत, तिथून ते गोव्याला जातात. पोराला सुट्टी काढून गावी बोलवावं, बाजेवर शेजारी बसवावं आणि पूर्ण थकबाकी डोळ्यांदेखत भरायला लावावी. पुढल्या महिन्यात तरीही थोडं व्याज येईल. बिल निघालेल्या दिवसापासून भरल्या दिवसापर्यंतचं ते असतं. आबांनी त्यावरून पोराला पुन्हा बदडू नये, तेवढं भरून टाकावं.

कार्ड रिकामं झालं की दोन दिवसांत बँकेला तुमचा लळा लागतो, लिमिट वाढवून देते म्हणते. तेव्हाच ते बंद करण्याचा लेखी अर्ज द्यावा आणि तारीख जपून ठेवावी. थकबाकी शून्य असेल तर रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या निर्देशांप्रमाणे सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद झालंच पाहिजे. नाही झालं तर बँकेने ग्राहकाला दिवसाला 500 रुपये दंड द्यायचा. निंदणीचा रोजसुद्धा एवढा पडत नाही, आणि इथे वाकावंही लागत नाही. तेव्हा नागनाथाला नवा नवस बोलायचाच असेल, तर बँकेकडून उशीर व्हावा म्हणून बोलावा.