हमखास हरावं कसं? कुकर फुटलेल्यांसाठी प्राथमिक धडे

कायदा तुमच्या बाजूने आहे, ही पहिली अडचण. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘उत्पादन दायित्व’ असं एक अख्खं प्रकरणच आहे. वस्तूच्या घडणीत किंवा रचनेत दोष असेल, वापराच्या पुरेशा सूचना दिलेल्या नसतील, आणि त्यामुळे इजा झाली, तर कंपनीकडे भरपाई मागता येते. कंपनी दिल्लीची असली तरी तक्रार आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. वस्तू पाच लाखांपर्यंतची असेल तर शुल्क नाही. वकील देण्याची सक्ती नाही. इतक्या सोयी असताना हरायचं म्हणजे घरच्यांनी मनापासून साथ द्यायला हवी. ती मिळते.

१. पूर्वतयारी. खरेदीच्या दिवशीच सुरुवात करा. दुकानदार विचारेल, “बिल हवंय का? जीएसटी लागेल.” नको म्हणा. आयएसआयचं चिन्ह शोधू नका. घरगुती कुकरला ते सक्तीचं आहे, म्हणजे कोणीतरी पाहिलंच असेल. पुढे सेफ्टी व्हॉल्व्ह गेला की कोपऱ्यावरच्या दुकानातला, कोणत्याही कंपनीचा नसलेला बसवा.

२. आधी आवरा. कुकर फुटला की छतावरची डाळ ताबडतोब पुसा. फोटो काढू नका. संध्याकाळी पाहुणे यायचे आहेत.

३. भंगारवाल्याला बोलवा. अ‍ॅल्युमिनियमला भाव बरा येतो. दोष ठरवायला आयोग वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. वस्तूच नसली की हा व्याप टळतो. त्याआधी कंपनीचा माणूस ‘तपासून आणतो’ म्हणाला, तर कुकर त्याच्या हवाली करा. पोचपावती मागणं बरं दिसत नाही.

४. डॉक्टरांना थोडक्यात सांगा. सून भाजली म्हटल्यावर पोलीस येतील, म्हणून “गरम पाणी सांडलं” म्हणा. केस पेपरवर तेच उतरेल. पुढे कुकरचं नाव घेतलंत की कंपनीचा वकील तोच कागद वाचून दाखवेल.

५. दोष घरातच शोधा. सासूबाई म्हणतील, डाळ जास्त घातली होती. शेजारच्या काकू म्हणतील, शिटी साफ केली नसेल. जिचा हात भाजला तिने पट्टी सांभाळत “माझंच चुकलं” म्हणावं, आणि ते दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर लेखीही कळवावं. वस्तूचा गैरवापर झाला होता किंवा तिच्यात फेरफार केला होता असं ठरलं, तर विक्रेत्यावर दावा चालत नाही. वस्तू तपासायच्या आधीच निकाल देणारं न्यायालय घरोघरी असतं आणि तिथे तारखा पडत नाहीत.

६. तडजोड करा. दुकानदार भला माणूस आहे, वीस वर्षांची ओळख आहे. तो नवा कुकर देईल आणि एक कागद पुढे करेल: ‘आता माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही.’ न वाचता सही करा. दवाखान्याचा खर्च, बुडालेला रोजगार, सहन केलेला त्रास असल्या गोष्टी त्याच्यापाशी काढू नका. मागितल्या तर आयोग त्यांचाही विचार करतो.

७. वाट बघा. तक्रारीची मुदत दोन वर्षं आहे. त्यात दोन पितृपक्ष, दोन दिवाळ्या आणि एक दहावी सहज बसते. मुदत उलटल्यावरही आयोग उशीर माफ करू शकतो, पण त्याला सबळ कारण लागतं. ‘राहूनच गेलं’ हे पुरेसं नाही. मधल्या काळात १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करू नका, ग्राहक पंचायतीची पायरी चढू नका. तिथली माणसं कागदपत्रं नीट लावायला सांगतात.

८. आता वकिलाकडे जा. वकील बिल मागेल, ते नाही. फोटो मागेल, तेही नाहीत. केस पेपर द्या, तो वाचून वकील चष्मा काढेल आणि विचारेल, “निदान कुकर तरी आहे ना?”

“आहे ना,” असं सांगा. “अगदी नवा आहे. तीन शिट्यांत डाळ मऊ.”