प्रिंटर पेटला आहे

मी विंडोज वापरत नाही. आमच्या नात्यातले काही लोक ज्या सुरात ‘आम्ही कांदा-लसूण खात नाही’ म्हणतात, त्याच सुरात मी हे वाक्य उच्चारतो. समोरच्याने काही विचारलेलं नसतं. लग्नात हातात ताट घेऊन कुणी नुसतं ‘लॅपटॉप स्लो झालाय हो’ म्हणायचा अवकाश, की माझा चेहरा उजळतो. मग लिनक्स, मग व्हायरसची भीती नाही, मग एक पैसा लागत नाही, मग फिनलंडचा लिनस टोरवाल्ड्स आणि 1991 साल. गाडी 1991 वर पोचेपर्यंत समोरचा जिलेबी घ्यायला गेलेला असतो. तो विचारात पडला असावा, अशी मी समजूत करून घेतो.

निवृत्तीनंतर तिकोणा पेठेत राहायला आलो आणि या अहंकाराला मोकळं रान मिळालं. पुण्यात लिनक्सवाले पैशाला पासरी. इथे मी एकटा. ‘कॉम्प्युटरवाले सर’ ही ख्याती कामशेतपर्यंत गेली आहे, असं मी स्वतःच बऱ्याच जणांना सांगितलं आहे.

या ख्यातीला भोक एकच, प्रिंटर. कंपनीचं नाव घेत नाही. स्वस्तातला लेझर आहे आणि स्वस्त का, हे विकत घेताना कुणी सांगत नाही. अशा प्रिंटरला स्वतःचं डोकं जवळजवळ नसतं. पान कसं दिसणार याचं सगळं चित्र कॉम्प्युटरने ठिपक्याठिपक्याने काढून द्यायचं आणि तेही कंपनीच्या खासगी भाषेत. ती भाषा कंपनी कुणाला सांगत नाही. तिचा एक बंदिस्त तुकडा तेवढा देते. तो उतरवून घ्यायचा, आत काय आहे ते विचारायचं नाही आणि ‘मला मान्य आहे’ या बटणावर क्लिक करायचं. मी क्लिक करत नसे. तत्त्वाचा प्रश्न होता. त्या तुकड्याशिवाय, उत्साही लोकांनी अंदाजाने लिहिलेल्या ड्रायव्हरवर माझा प्रिंटर आठवड्यातून काही दिवस चालायचा, आणि ते दिवस कोणते हे त्याचं तो ठरवायचा.

आषाढात एका संध्याकाळी शेजारचे आबा पेन ड्राइव्ह घेऊन आले. इरल्याऐवजी डोक्यावर खताची गोणी. ‘सर, येवढा अर्ज छापून द्या. उद्या सकाळी वडगावला न्यायचाय.’

अर्ज पवना धरणाच्या पुनर्वसनाचा. आबांच्या वडिलांची जमीन धरणात गेली, बदली जमीन मिळायची होती. पन्नासहून जास्त वर्षं झाली. वडील अर्ज करता करता गेले, आता आबा करतात. धरणाचं पाणी पिंपरी-चिंचवडच्या नळांना मात्र पोचतं.

मी ऐटीत फाइल उघडून प्रिंटचा हुकूम सोडला. काही नाही. पुन्हा सोडला. प्रिंटरचा हिरवा दिवा मिचमिचला आणि गप्प झाला. मग ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट आणि 631 टाकलं. लिनक्सवर छपाईचा सगळा कारभार कप्स नावाचा प्रोग्राम सांभाळतो. मायकेल स्वीट या गृहस्थाने तो लिहिला, 1999 साली पहिल्यांदा बाहेर आला आणि त्याचं कार्यालय या 631 क्रमांकाच्या दारामागे असतं. आत शिरलो तर फलक लागलेला : फिल्टर फेल्ड. प्रिंटर थांबवून ठेवलेला आणि आबांचा अर्ज रांगेत.

‘काय म्हणतोय?’

‘रांगेत आहे, आबा.’

‘आमी बी रांगेतच हाओत की,’ म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

मी काळा पडदा उघडला. आबांवर छाप पडावी म्हणून त्यातल्या निम्म्या आज्ञा जरा जोरात टाइप केल्या. सेवा बंद केली, चालू केली, वायर एका भोकातून काढून दुसऱ्यात घातली. तेव्हा कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदींमध्ये ते वाक्य आलं, ज्याच्या दर्शनासाठी मी वर्षानुवर्षं झुरत होतो : प्रिंटर पेटला आहे. थट्टा नाही. लिनक्समध्ये हा संदेश खरोखर आहे. प्रिंटर म्हणतो काहीतरी बिघडलंय. पण कागद संपलेला नाही, संपर्कही तुटलेला नाही. मग उरलं काय? जुन्या अवाढव्य, वेगवान प्रिंटरांत कागद अडकला तर घर्षणाने पेट घेईल अशी धास्ती असायची म्हणे. त्या धास्तीचं हे स्मारक. बाहेर मावळचा पाऊस. भिंतींना ओल, उशांना ओल, डब्यातलं मीठ पाघळलेलं. पंचक्रोशीत काडी पेटत नव्हती आणि माझा प्रिंटर पेटला होता.

‘फटका द्या येक,’ आबा म्हणाले. ‘गडाच्या वाटंवरच्या मारुतीनं बी हात उगारलाय की.’ चपेटदान मारुतीने तो पनवतीवर पाय देऊन उगारलाय. पनवती निदान पायाखाली स्वस्थ असते. प्रिंटरची वॉरंटी असते.

मी फटक्याऐवजी इतिहास दिला. हा इतिहास मी संधी मिळेल तिथे देतो. बायकोला तो पाठ आहे आणि सुरू झाला की ती स्वयंपाकघरात जाते. 1980 च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या एका प्रयोगशाळेला झेरॉक्सने नवा लेझर प्रिंटर दिला. प्रिंटर एका मजल्यावर, माणसं दुसऱ्या. कागद अडकायचा, कुणाला पत्ता नसायचा. तिथे रिचर्ड स्टॉलमन नावाचा एक तरुण होता. जुन्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये त्याने सोय करून ठेवली होती, की कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांना पडद्यावर निरोप जावा. नव्यातही तेच करू म्हणाला, तर प्रोग्राम वाचायलाच मिळेना. कार्नेगी मेलनच्या एका प्राध्यापकाकडे तो आहे असं कळलं. हा तिथे जाऊन भेटला, मागितला. प्राध्यापक म्हणाले, नाही देणार, मी कंपनीला शब्द दिलाय. स्टॉलमन अवाक होऊन परतला. ती ठिणगी आत राहिली. सप्टेंबर 1983 मध्ये त्याने ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यातून मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी राहिली आणि तिच्याच जोरावर, आबा, आज हा समोरचा कॉम्प्युटर फुकट चालतो! म्हणजे बघा, एका अडकलेल्या कागदातून...

‘मग त्या मानसाला छापून मिळालं का?’

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. पण आबांना उद्या वडगावला जायचं होतं. त्यांच्या दृष्टीने गोष्टीत एवढंच विचारण्यासारखं होतं.

आणि मला राग आला. आबांचा नव्हे. पैसे मोजून आणलेली वस्तू घरात, मेजावर. तिच्याशी बोलायचं कसं, हे मला कळू नये असं कुणीतरी दूर बसून ठरवलेलं. आबांचंही तेच. जमीन घेतली त्याची नोंद आहे, बदली कधी द्यायची ते माहीत असलेला माणूस मात्र नेहमी दुसऱ्या टेबलावर. आबा यावर चिडत नाहीत. अर्जाच्या कोपऱ्यावर आधीच्या अर्जांचे आवक क्रमांक लिहून ठेवतात, बारीक अक्षरात, एकाखाली एक. जागा संपली की समासात.

समोरचा तिकोणा ढगात होता. 1665 च्या पुरंदरच्या तहात जे 23 किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यात हाही होता. महाराजांना तह करावा लागतो, तर मी कोण? गच्चीच्या जिन्यात फोनला दोन दांड्या रेंज मिळते. तिथे छत्री धरून उभा राहिलो आणि फोनवरून नेट देऊन कंपनीचा तो बंदिस्त तुकडा उतरवून घेतला. खाली येऊन ‘मला मान्य आहे’ क्लिक केलं. अटी वाचल्या नाहीत. तहाला पुढचा भागही असतो, 1670 चा, किल्ले परत घेण्याचा, अशी मनाची समजूत घातली.

एव्हाना वीज गेली होती. इन्व्हर्टरवर प्रिंटर तापायला लागला की इन्व्हर्टर किंचाळतो, म्हणून फ्रिज बंद, पंखा बंद. कागद ओलीने कानवल्यासारखे दुमडले होते. बायकोने ते वीज जायच्या आधीच इस्त्रीखालून काढले होते, ‘इतिहास संपेस्तोवर’ म्हणाली. मी कप्सला सांगितलं, चल, पुन्हा सुरू कर.

आबांचा अर्ज बाहेर आला. स्वच्छ, काळाभोर. आबांनी तो दोन्ही हातांनी उचलला. मी खुर्चीत मागे रेलून, लिनक्सचा महिमा सांगायला घसा साफ केला.

तेवढ्यात दुसरी प्रत आली. मग तिसरी. संध्याकाळपासून वैतागून जितके हुकूम सोडले होते, ते सगळे रांगेत जिवंत होते आणि आता शिस्तीत बाहेर पडत होते. मी रद्द करायला धावलो.

‘ऱ्हाऊ द्या, सर, ऱ्हाऊ द्या!’ आबा प्रती गोळा करत म्हणाले. ‘लागत्यात. दर टेबलावर येक हरवती.’

शेवटी मी मधे कधीतरी सोडलेलं चाचणीचं पान आलं. त्यावर कप्सचं ते रंगांचं चक्र, आमच्या एकरंगी प्रिंटरने राखाडी छापलेलं. आबांनी ते उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि अर्जांच्या गठ्ठ्यात सर्वांत वर ठेवलं.

‘आन् ह्ये कुनाच्या टेबलावर द्यायचं?’