रिवेटबंद पुलीचा जीर्णोद्धार

अमेरिकेत घर घेतलेल्या मराठी माणसाला गवत चुकत नाही. ते फार वाढले तर बऱ्याच गावांत पालिकेची नोटीस येते; शेजाऱ्याची नजर त्याआधीच येते. म्हणून बसून चालवायचा मोअर किरकिरू लागला की कानात गाणी लावण्याचा मोह आवरावा.

प्रथम स्पार्क प्लगची वायर काढावी. यात गंमत नाही, काढावीच. मग पट्टा उतरवून, तो ताणून धरणारी आयडलर पुली बोटाने फिरवावी. धडधाकट पुली मुकाट, जरा जडच फिरते. झिजलेली खरखरते, डुगडुगते. आणि जी भिंगरीसारखी फिरतच राहते तिचे कौतुक करू नये. तिच्यातले ग्रीस संपलेले असण्याचीच शक्यता जास्त.

पुली म्हणजे पत्र्याच्या दोन ताटल्या, मध्ये बेअरिंग, भोवती रिवेट. रिवेट ताटल्यांना आत धरतात आणि तुम्हाला बाहेर ठेवतात. दोन्ही कामे सारख्याच निष्ठेने. दुकानदार अख्खी नवी पुली पुढे करील. ती नम्रपणे परत सरकवून बेअरिंगवरचा नंबर वाचावा. ६२०३-टूआरएस असेल तर भोक १७ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४०, जाडी १२, दोन्ही अंगांना रबरी सील. मात्र याच अंगलटीचे, पण ५/८ इंची भोकाचे बेअरिंगही मिळते. तेव्हा कॅलिपर लावल्याशिवाय ऑर्डर देऊ नये. भोसरीच्या एमआयडीसीत हयात घालवलेल्या काकांना व्हिडिओ कॉलही लावू नये. ते पुलीआधी गवताचा उपयोग विचारतील.

आता दोन्ही ताटल्यांवर मार्करने एकच सलग खूण करावी, म्हणजे त्या होत्या तशाच बसतील. गॉगल घालून रिवेटची डोकी ग्राइंडरने उडवावीत, उरलेले बुंधे पोगराने ठोकून काढावेत. ग्राइंडर नवा घ्यावा लागला तर त्याची किंमत हिशेबात धरू नये, तो घरातच राहतो. नवे बेअरिंग बसवून रिवेटच्या भोकांतून एकाच मापाचे बोल्ट आणि नायलॉक नट आवळावेत. बोल्ट पट्ट्याला किंवा ब्रॅकेटला घासत नाहीत ना, हे पुली हाताने फिरवून बघावे. जुने बेअरिंग टाकू नये. गॅरेजमधल्या डब्यात त्याचे पूर्वज आहेत.

तरीही किरकिर राहिलीच, तर दोष डेकवरच्या स्पिंडलमध्ये असू शकतो. त्याला बहुधा साधे बोल्ट असतात, त्यामुळे त्यात पुरुषार्थ नाही.