पॅरिसचा ताळेबंद, मिरजकर तिकटीचा निकाल

फ्रान्सच्या व्यावसायिक फुटबॉलचं आता काही खरं नाही, हे कोल्हापुरात एकमतानं ठरलं आहे. एकमत म्हणजे मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ, दोघींचं. ज्या दोन पेठांना साध्या नाणेफेकीतही डाव दिसतो, त्या एका बाजूला आल्या म्हणजे पॅरिसमध्ये भानगड मोठी असणार, हे शहाण्यानं ओळखावं.

सभा मिरजकर तिकटीजवळ चहाच्या गाड्यावर भरली होती. जगातल्या कुठल्याही फुटबॉल संघटनेची वार्षिक सभा इथं विनानोटीस भरू शकते. कोरम कायम पूर्ण असतो आणि अध्यक्ष सोडून सगळे बोलतात. फ्रान्सविषयी बोलायचा अधिकार काय, असं कुणी विचारू नये. १८ डिसेंबर २०२२ च्या रात्री विश्वचषकाच्या फायनलमध्ये एम्बापेनं तीन गोल करूनही अर्जेंटिनानं फ्रान्सला पेनल्टींवर ४-२ हरवलं, तेव्हा आम्ही अर्जेंटिनाच्या बाजूनं नाचलो. हरलेल्या माणसाची नंतर विचारपूस करायची, ही इथली रीत आहे.

पहिला विषय पैशाचा निघाला. २०१८ मध्ये फ्रेंच लीगनं आपले सामने दाखवायचे हक्क मीडियाप्रो नावाच्या कंपनीला विकले. किंमत वर्षाला ८० कोटी युरोंच्या आसपास. क्लबांनी तो पैसा हातात पडायच्या आधीच खर्चाला लावला. २०२० च्या ऑगस्टमध्ये हंगाम सुरू झाला, ऑक्टोबरचा हप्ता आला नाही आणि डिसेंबरात करारच मोडला. रिक्षावाले मामा म्हणाले, ‘‘आमच्या स्टॉपवरची भिशी ह्याच्यापेक्षा जास्त दिवस चालती रं.’’ मधली वर्षं लीगनं कशीबशी काढली. २०२४ मध्ये दाझोन नावाचं स्ट्रीमिंग चॅनल आलं, ते वर्षाला ४० कोटींच्या बोलीवर. म्हणजे भाव निम्म्यावर. तेही एका हंगामात उठून गेलं. शेवटी २०२५ च्या ऑगस्टपासून लीगनं स्वतःचंच चॅनल काढलं. दुकानात माल घ्यायला कुणी येईना, तेव्हा मालक स्वतः गल्ल्यावर बसला.

‘‘पण लोक बघंनात का?’’ मामांची शंका.

‘‘महिन्याला तीस-चाळीस युरो मागत हुते मामा. कोण भरंल? लोक फुकटच्या लिंकवर बघत्यात,’’ इंजिनिअरिंगचा पोरगा म्हणाला. त्याच्या अंगात पॅरिसच्या पीएसजी क्लबची जर्सी होती. त्याच वेळी त्याच्या हातातल्या मोबाईलवर कुठली मॅच चालू होती आणि ती कुठल्या लिंकवर, याची नोंद इतिवृत्तात घेतलेली नाही.

दुसरा विषय कारभाराचा. २०२२ मध्ये लीगनं आपल्या धंद्यातला १३ टक्के वाटा सीव्हीसी नावाच्या गुंतवणूक कंपनीला १५० कोटी युरोंना देऊन टाकला. पुढं लीगच्या अध्यक्षांचा पगार वर्षाला १२ लाख युरोंवर गेला, पॅरिसात नवं कार्यालय घेतलं गेलं, आणि मग फ्रान्सच्या सिनेटनं हे सगळं नेमकं काय चाललंय म्हणून चौकशी लावली. हे ऐकून आमच्या एका तालमीचे सेक्रेटरी बराच वेळ गप्प बसले. त्यांना धक्का बसला असावा असं वाटलं. तसं नव्हतं. ‘‘बारा लाख युरो. आणि मी सरावाच्या पोरांची केळी लिहिली तर मीटिंगमधे विचारत्यात, डझन कितीला घेतली?’’ एवढंच ते म्हणाले.

तिसरा विषय बोर्दोचा. इथं मात्र गाड्यावर जरा शांतता झाली. सहा वेळा फ्रान्सचा विजेता ठरलेला क्लब; झिदान तिथं चार वर्षं खेळला. पण जुलै २०२४ मध्ये पैसे संपले म्हणून या क्लबनं व्यावसायिक दर्जा सोडला आणि तो थेट चौथ्या पायरीवर जाऊन बसला. आमचे निवृत्त गोलकीपर, ज्यांना सगळे ‘आबा’ म्हणतात, त्यांना हे पटेचना. ‘‘आरं, मैदानात हरून खाली गेला तर समजू शकतो. हिशेबाच्या वहीत हरून कसा काय खाली जातोय क्लब?’’

चौथा विषय पीएसजीचा. २०११ पासून मालक कतारचे. २०१३ ते २०२५ या तेरा हंगामांत लीग अकरा वेळा त्यांनीच जिंकली. ३१ मे २०२५ ला म्युनिकमध्ये इंटर मिलानचा ५-० असा चुराडा करून चॅम्पियन्स लीगही घेतली. पोरगा छाती फुगवून हे सांगत होता. आबांनी विचारलं, ‘‘म्हंजे निकाल पहिल्या दिवशी ठरलेला, मग मॅच बघायला पैसे कोण देणार? चॅनलवाले पळाले त्यात त्यांची काय चूक?’’ पोरानं छाती आत घेतली.

इथवर सभा आनंदात चालली होती. दुसऱ्याच्या संघटनेचे वाभाडे काढण्यात जो निर्मळ आनंद आहे, तो पांढऱ्या रश्श्यातही नाही. पण मग कुणीतरी भारताचं नाव काढलं.

आपली हकिगत थोडक्यात अशी. २०१० मध्ये भारतीय फुटबॉल महासंघानं पंधरा वर्षांसाठी सगळे व्यापारी हक्क ७०० कोटी रुपयांना देऊन टाकले. त्यातून इंडियन सुपर लीग (आयएसएल) उभी राहिली. पंधरा वर्षांनी करार संपतो, हे पंधरा वर्षं सगळ्यांना माहीत होतं. तरी तो संपत आला तेव्हा सगळे दचकले. जुलै २०२५ मध्ये लीग लटकली. नोव्हेंबरात हक्कांची निविदा निघाली, तिला एकही बोली आली नाही. शेवटी केंद्र सरकार मधे पडलं आणि १४ फेब्रुवारी २०२६ हा मुहूर्त ठरला. व्हॅलेंटाइन दिनाला, कारण पैसा नसताना जे उरतं त्याला प्रेम म्हणतात. फ्रान्समध्ये बोली निम्मी आली, आपल्याकडं आलीच नाही. तेव्हा फ्रान्सची स्थिती आपल्यापेक्षा बरी, हा निष्कर्ष इतिवृत्तात घालायला दोन सभासदांनी देशभक्तीच्या कारणावरून हरकत घेतली. ऑगस्ट २०२२ मध्ये फिफानं आपल्या महासंघावर बंदी घातली होती, याची आठवण करून दिल्यावर त्यांनी हरकत मागं घेतली. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपण ढाक्याला बांगलादेशाकडून १-० हरलो, हे मात्र कुणी काढलं नाही. सभेलाही काही सभ्यता असते.

‘‘पण आपल्याकडं फ्रेंच लोक येऊन गेल्यात की,’’ पोरगा म्हणाला. खरं आहे. २०१४ मध्ये विश्वविजेता त्रेझेगे पुण्याच्या संघातून खेळला, आनेल्का मुंबईतून आणि पिरेस गोव्यातून. फ्रेंच फुटबॉल भारतात आला तो असा पेन्शन घ्यायला. आणि ज्या पुणे सिटीतून त्रेझेगे खेळला, तो क्लब २०१९ मध्ये आटोपला. महाराष्ट्रातली क्लबांची स्मशानभूमी पाहायची तर रांग लांब आहे. २००५-०६ ला राष्ट्रीय लीग जिंकणारं महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद. पुणे एफसी २०१५ मध्ये बंद. भारत एफसी एक हंगाम खेळून बंद. डीएसके शिवाजीयन्स २०१७ मध्ये बंद. प्रत्येकाच्या जन्माला पंचतारांकित हॉटेलात पत्रकार परिषद झाली होती. मरणाला एक ईमेल पुरला.

आता गाड्यावर छात्या परत फुगल्या. कारण पुढचं वाक्य सगळ्यांना ठाऊक होतं. कोल्हापुरात क्लब बंद पडत नाही. पाटाकडील, बालगोपाल, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण, फुलेवाडी, प्रॅक्टिस: यातल्या बऱ्याच नावांमागं तालीम आहे, आणि तालमीला शेअर नसतो, सभासद असतात. कुस्तीच्या लाल मातीतून उठलेली पोरं संस्थानकाळात बूट घालून मैदानात उतरली, आणि बोर्दोची सहा अजिंक्यपदं जिथं वाहून गेली तिथं तालमीचा एक गणपतीसुद्धा चुकलेला नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध कुणीही असलं की दुपारी चारला शहराच्या निम्म्या दुकानांतला नोकर ‘आत्ता आलो’ म्हणून बाहेर पडतो. मालकही पडतो, म्हणून नोकराला कोणी विचारत नाही. आयएसएलचा संघ इथं नाही, हक्कांची निविदा नाही, सल्लागार कंपनी नाही. तिकीट काढून आलेला माणूस आहे. पॅरिसला नेमका तोच कमी पडतोय.

‘‘म्हंजे पॅरिसला तालीम पाहिजे,’’ मामांनी निकाल दिला. टाळ्या झाल्या.

आबा टाळ्यांत नव्हते. ‘‘एक सांगा,’’ ते म्हणाले, ‘‘गेल्या सीझनला कुठकुठले चषक झाले?’’

सगळ्यांनी घडाघडा नावं सांगितली. आमदार, माजी आमदार, होऊ घातलेले आमदार, कुणाचे स्वर्गवासी वडील, कुणाचा चिरंजीव. ‘‘ह्यातलं फुटबॉल खेळणाऱ्याचं नाव किती?’’ एकदोन निघाली. ‘‘आणि फायनलच्या फोटोत कप कुणाच्या हातात?’’ यावर कुणी बोललं नाही, कारण कप उचलणारा कर्णधार फोटोत कोपरापर्यंतच दिसतो. वरची जागा पाहुण्यांची असते. डिसेंबर २०२५ मध्ये कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर हजारो रुपयांची तिकिटं काढून लोक मेस्सी बघायला गेले आणि त्यांना मेस्सीभोवतीचे बडे लोक दिसले, तेव्हा त्यांनी खुर्च्या उखडल्या. आम्हाला त्यात धक्का बसण्यासारखं काही वाटलं नाही. आम्हाला सराव आहे.

आबा थांबेनात. तालमीचा मालक पेठ, हे खरं. पण खेळाडूचं मानधन वाढलं तसं बाहेरून खेळाडू आणायची चढाओढ लागली. नायजेरियाचा स्ट्रायकर पेठेच्या अस्मितेसाठी खेळतो, आणि पेठेतला पोरगा बाकावर बसून त्याला पाणी देतो. टायब्रेकरला पेनल्टी चुकली की गॅलरीतून बाटली येते. बाटली टाकणाऱ्याचं म्हणणं, तिकीट काढलंय. पोलिस बंदोबस्त हा दोन्ही संघांच्या बचावफळीपेक्षा जास्त संघटित असतो. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या संघात आपला अनिकेत जाधव होता, याचा अभिमान सगळ्या शहराला. पण घडायला त्याला पुणं गाठावं लागलं, ही गोष्ट अभिमानाच्या भाषणात बसत नाही म्हणून राहून जाते.

‘‘पॅरिसचा फुटबॉल कतारच्या मालकाचा,’’ आबा म्हणाले, ‘‘दिल्लीचा निविदेचा आणि आपला बॅनरवरच्याचा. तिन्हीकडं आरडाओरडा तेवढा आपला.’’

हे वाक्य सभेच्या इतिवृत्तात घ्यावं की नाही, यावर मतदान झालं आणि ते बहुमतानं वगळण्यात आलं. त्यानंतर पुढील ठराव मंजूर झाले.

एक: फ्रेंच लीगनं टीव्हीच्या पैशावर खेळाडू घेऊ नयेत, वर्गणी काढावी. पावतीबुकं कोल्हापुरातून छापून पाठवण्यात येतील.

दोन: बोर्दोनं एखादी तालीम जवळ करावी. गणपती, शिवजयंती आणि रक्तदान शिबिर हे तीन कार्यक्रम घेतले की क्लब बंद पडायला सवड मिळत नाही.

तीन: पीएसजीला दर दुसऱ्या मॅचला शेजारच्या पेठेविरुद्ध खेळवावं. शेजारची पेठ नसल्यास ती तयार करावी.

चार: भारतीय महासंघानं पुढची निविदा मिरजकर तिकटीला उघडावी. बोली येईल की नाही सांगता येत नाही, पण बोलणारे येतील.

ठराव पॅरिसला पाठवायचे, तर ते कुठल्या तालमीच्या लेटरहेडवर, हा प्रश्न निघाला आणि एकमत तिथंच संपलं. मंगळवार पेठेनं सही वर मागितली. शिवाजी पेठेनं वर आणि खाली दोन्ही मागितली. दोन स्वतंत्र पत्रं पाठवावीत अशी तडजोड पुढं आली. पण मग पहिलं पत्र कुणाचं निघणार? अखेर हे मैदानातच ठरावं म्हणून बाद पद्धतीची स्पर्धा घ्यायचं नक्की झालं. सायंकाळी सहापर्यंत तिला प्रायोजक मिळाला, साडेसहाला बॅनरचं डिझाइन मंजुरीला आलं. त्यावर आयफेल टॉवर आहे. तो पाहुण्यांच्या फोटोमागं थोडा झाकला गेलाय, पण टोक दिसतं.

फायनलला प्रमुख पाहुणे म्हणून फ्रेंच लीगच्या अध्यक्षांना बोलवायचं ठरलंय. त्यांना पास मिळणार नाही. पास पुढाऱ्यांच्या माणसांनाच पुरत नाहीत. त्यांनी रांगेत उभं राहून तिकीट काढावं. फुटबॉल कुणाच्या पैशावर चालतो, ते त्यांना तिथं कळेल.