तात्यांना पंपातलं कळतं

टाइप वन मधुमेहात स्वादुपिंड काम थांबवतं आणि नातेवाईक सुरू करतात. शरीराच्या संरक्षक पेशींनीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारल्या, यात गोड खाण्याचा काही संबंध नाही, हे मी साताऱ्यातल्या आमच्या गल्लीत इतक्यांदा सांगितलंय, की आता दूधवालाही समजावून सांगेल. तरी ‘लहानपणी कंदी पेढे जास्त झाले असणार’ हे निदान काही हटत नाही. गंमत म्हणजे साखर खाली घसरते तेव्हा तोच पेढा कामाचा नसतो. खव्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात सावकाश चढते. तेव्हा लागतं ग्लुकोज, नाहीतर मुकाट्यानं फक्की मारलेली साखर. म्हणजे खायची परवानगी असते तेव्हाही पेढा बरणीतच!

इंजेक्शनांऐवजी पंप घ्यायचं ठरलं आणि माझ्यासमोर दोन पर्याय आले. एक साधा, आपण सांगू तेवढंच इन्सुलिन सोडणारा. दुसरा सेन्सरशी जोडलेला. तो दर पाच मिनिटांनी साखर बघून आपलं आपण कमीजास्त करतो; फक्त जेवणात कार्बोहायड्रेट किती, ते त्यालाही सांगावं लागतं. माहिती द्यायला आलेल्या मुलानं लॅपटॉपवर रंगीत आलेख दाखवले, ॲप दाखवलं. मी विचारलं, साडीवर हा अडकवायचा कुठे? तो म्हणाला, “मॅम, बेल्ट-क्लिप येते.” आलेखात साडी नव्हती.

मग आम्ही गेलो तासगावला, माझ्या चुलतसासऱ्यांकडे. सांगली जिल्ह्यात ‘पंप घ्यायचाय’ म्हटलं की माणूस चहाचा कप खाली ठेवतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली इथल्याच, तेव्हा औंध संस्थानात असलेल्या माळावर कारखाना काढला, आधी नांगर केले, पुढे पंप. तेव्हापासून इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी हॉर्सपॉवर कळते. तात्यांची द्राक्षबाग. त्यांनी चष्मा पुसला आणि चौकशीला बसले.

“टाकी केवढी?”

“तीन मिली.”

तात्यांनी काकूंकडे पाहिलं. “तीन मिलीत भिजतंय काय?”

मी सांगितलं, त्यात तीनशे युनिट मावतात. बाटली मात्र शंभरच्या तीव्रतेची हवी, लाल टोपणाच्या सिरिंजचं चाळीसचं इन्सुलिन यात चालत नाही. हे त्यांना लगेच पटलं. औषधाचं प्रमाण चुकलं की बाग जळते, हे त्यांना कुणी सांगायला नको. दिवसभर थेंबथेंब जातं आणि जेवताना एकदम जास्त सोडायचं, हेही त्यांनी माझं वाक्य संपायच्या आत उचललं. “म्हंजे एरवी ठिबक आणि जेवायच्या टायमाला दारं धरायचं.” हेच बेसल आणि बोलस मला समजावायला दवाखान्यात अख्खी दुपार गेली होती.

“लाइट गेली तर?”

“एका पेन्सिल सेलवर चालतो.”

“महावितरणचा संबंध न्हाई?” तात्या पहिल्यांदा हसले. “मग निम्मं काम झालं.”

“नळी तुंबली तर?”

हा प्रश्न मात्र त्या लॅपटॉपवाल्यानं शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात ठेवला होता. पंपात फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन असतं, अंगात लांब पल्ल्याचा साठा नसतो. नळी दुमडली किंवा सुई निसटली, तर काही तासांतच साखर चढते, कीटोन वाढतात आणि दवाखाना गाठावा लागतो. नळीचा सेट म्हणून तर दोन-तीन दिवसांनी बदलायचा. तात्या म्हणाले, “हिरीवर इंजिन बसवलं तरी आमच्या आज्यानं मोट मोडली न्हवती. तुझं ते इंजेक्शनचं पेन टाकून देऊ नगंस.” डॉक्टरांनीही हेच सांगितलं होतं, पण त्यांची फी होती.

१९६० च्या दशकात अमेरिकेत डॉ. अर्नोल्ड कॅडिश यांनी बनवलेला पंप पाठीवर घ्यायच्या पिशवीएवढा होता, हेही मी सांगितलं. तात्यांना तोच आवडला. फवारणीचा पंप तेही पाठीवरच घेतात.

“आणि मेकॅनिक कुठला?”

“पुण्याचा. नाहीतर कुरिअरनं दुसरा पाठवतात.”

इथं तात्यांचा चेहरा उतरला. मेकॅनिक हाकेच्या अंतरावर नाही, असा पंप त्यांनी जन्मात घेतलेला नव्हता. माझ्या मते आलेखांपेक्षा हा प्रश्न मोठा आहे, कारण पंप पडतो बंद रविवारी रात्रीच. शेवटी सेन्सरवाला ठरला, पण मदतीच्या नंबरावर रात्री खरंच कोण उचलतं, ते तात्यांनी रात्री साडेअकराला स्वतः फोन लावून तपासल्यावर. एक मुलगी बोलली. तात्यांनी तिला गाव विचारलं, जेवण झालं का विचारलं आणि ठेवला.

किंमत मी मुद्दाम शेवटी सांगितली. पंपाचे काही लाख, आणि सेट, टाक्या, सेन्सर यांचा खर्च दर महिन्याला, जन्मभर. तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत.

“ठिबकला अनुदान मिळतंय. ह्याला?”

“नाही.”

“असं कसं? तुझ्या नावावर धा गुंठं हाईत न्हवं? सातबारा जोड आणि अर्ज टाक.”