तीस उंदरांचा इम्पॅक्ट फॅक्टर

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत रात्री दोन वाजता दोघंच जागी असतात. तिसऱ्या मजल्यावरचे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक आणि मीटरच्या खोलीखालची घूस. सर पेपर लिहीत असतात, घूस माती उपसत असते. कुणाच्या कामाचा परिणाम अधिक म्हणाल, तर तूर्त घूस पुढे आहे. ‘बी’ विंगचा कठडा गेल्याच महिन्यात खचला.

मी एकदा सरांना म्हटलं, “सर, सस्तन प्राणी हा तुमचा विषय. ही एवढी धष्टपुष्ट बाई रोज तुमच्या स्कूटरखालून जाते. तिच्यावर लिहा की!”

सरांनी चष्मा पुसला. “घुशीला कोण साइट करतं हो?”

सर बिबट्यावर लिहितात. बिबट्या त्यांनी आयुष्यात दोनदा पाहिलाय, दोन्ही वेळा व्हॉट्सअ‍ॅपवर.

साइट करणं म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी लग्नातला आहेर आठवावा. मी माझ्या पेपरात तुमच्या पेपराचं नाव घ्यायचं, तुम्ही तुमच्या पेपरात माझं. वहीत नोंद राहते, पुढच्या लग्नात परतफेड होते. काही जण स्वतःच्याच लग्नात स्वतःला पाकीट देतात. त्याला सेल्फ-सायटेशन म्हणतात आणि त्यावर कुणी हसत नाही. गाइडच्या नावाचं पाकीट तर सक्तीचंच. २००५ साली होर्हे हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने या वहीवरून माणसाची पत काढायची रीत शोधली. तुमच्या दहा पेपरांना प्रत्येकी किमान दहा आहेर आले, तर तुमचा एच-इंडेक्स दहा. मुलगी बघायला येणारे पगार विचारतात, मुलाखत घेणारे एच-इंडेक्स विचारतात.

इम्पॅक्ट फॅक्टर त्याहून जुना. युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली ही कल्पना मांडली. जर्नलच्या मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा सरासरी किती आहेर आले, एवढाच हिशेब. ग्रंथपालाने कपाटात कोणतं जर्नल ठेवावं आणि कोणतं रद्दीत घालावं, हे ठरवायला तो बरा होता. पुढे भाजीचा काटा होता त्यावर माणसं चढवली. सस्तन प्राण्यांचं ‘जर्नल ऑफ मॅमॉलॉजी’ १९१९ पासून निघतं. त्याचा आकडा दीड-दोनच्या आसपास घुटमळतो. कॅन्सरवरचं एक जर्नल दोनशेच्या वर जातं. म्हणून सरांचे कॅन्सरवाले साडू कौटुंबिक समारंभात खुर्चीवर बसतात आणि सर वाढपाला उभे असतात.

आता ही दोन वर्षांची खिडकी. हिच्यातून काय दिसतं आणि काय दिसत नाही, याचा नमुना आपल्याच शहरात आहे.

सप्टेंबर १८९६. मांडवीत लोक काखेत गाठ येऊन मरायला लागले. डॉ. अकाशिओ व्हिएगस यांनी हा प्लेग आहे असं सांगितलं. शहर पळालं. हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने इथेच लस काढली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी पॉल-लुई सिमॉँ नावाचा फ्रेंच डॉक्टर मुंबईत आला. लोक घाण, हवा, धान्य, कपडे यांना दोष देत होते आणि हा गृहस्थ मेलेल्या उंदरांकडे बघत होता. १८९८ साली कराचीत त्याने एक प्रयोग केला. काचेच्या मोठ्या बरणीत पिसवा अंगावर असलेला आजारी उंदीर ठेवला. तो मेला. त्याच बरणीत जाळीच्या पिंजऱ्यात एक धडधाकट उंदीर असा टांगला की मेलेल्याला त्याचा स्पर्श होऊ नये, पण पिसू उडी मारू शकावी. काही दिवसांत दुसराही प्लेगने गेला. पिसवेचा गुन्हा सिद्ध झाला. त्याच साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटच्या नियतकालिकात पेपर छापून आला.

आणि विद्वानांनी नाकं मुरडली. त्याच्यावर विश्वास बसायला पुढचं दशक लागलं. १९०५ पासून परळला बसून प्लेग आयोगाच्या लोकांनी तेच पुन्हा, मोठ्या प्रमाणावर, सिद्ध केलं तेव्हा कुठे. म्हणजे उंदीर, पिसू आणि माणूस यांच्या नात्यावरचा त्या काळातला सर्वांत मोलाचा पेपर दोन वर्षांच्या खिडकीत जवळजवळ रिकाम्या हाताने बसला असता. आज सिमॉँ एखाद्या कॉलेजात मुलाखतीला आला, तर त्याला विचारतील, “उंदीर ठीक आहे हो, पण स्कोपसच्या यादीतल्या जर्नलांत पेपर किती?”

सरांचं घुशीबद्दलचं दुःख खरं आहे, एवढं मान्य केलं पाहिजे. जगात सस्तन प्राण्यांच्या साडेसहा हजारांच्या घरात जाती. दर पाचांतल्या दोन उंदीर-खारींच्या गोतातल्या आणि एक वटवाघूळ. पण संशोधकाला, वाचकाला आणि पैसे देणाऱ्याला हवा असतो वाघ, बिबट्या, हत्ती; निदान डोळे मोठे असलेलं काहीतरी. हा पंक्तिप्रपंच आकडे लावून दाखवणारा लेख क्लार्क आणि रॉबर्ट मे यांनी २००२ सालीच ‘सायन्स’मध्ये लिहिला. संवर्धनाच्या जर्नलांत पक्षी आणि सस्तन प्राणी मानाच्या पंगतीला, बाकीची सृष्टी उष्ट्या पत्रावळींपाशी. सस्तन प्राण्यांत आणखी एक पंगत, तिथे घूस दाराबाहेर.

सिंहगडावर जाऊन तुम्ही पिठलं-भाकरी खाता ना? तिथेच एक उंदीर राहतो. ‘मिलार्डिया कोंढाणा’. १९७५ साली शास्त्राला नव्याने कळलेला, सह्याद्रीच्या एवढ्याशा तुकड्यातला आणि जागतिक यादीत संकटग्रस्त. गडावर येणाऱ्या हजारोंना तानाजीची घोरपड ठाऊक (ती होती की नव्हती हा वाद वेगळा), कोंढाण्याच्या नावाचा हा खराखुरा प्राणी कुणालाच नाही. नावातला मिलार्ड हा आपला मुंबईकर: बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा मानद सचिव वॉल्टर मिलार्ड. त्याने वर्गणी गोळा करून १९११ मध्ये देशभर सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू करवली. पहिला अहवाल कुठला? खानदेशचा. त्या पाहणीतले उंदीर, चिचुंद्र्या आणि वटवाघळं सोसायटीच्या जर्नलात निमूटपणे छापली जात राहिली. हे जर्नल १८८६ पासून निघतंय. शंभर वर्षांनीही कोणी त्यातली नोंद उघडून बघतो, कारण अमुक उंदीर अमुक गावी होता हे दुसऱ्या कुठे लिहिलेलंच नाही. याला इम्पॅक्ट म्हणत नाहीत.

बिबट्याकडे वळू, सरांना वाईट वाटायला नको.

बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान शंभरेक चौरस किलोमीटरचं. निकित सुर्वे यांनी २०१५ मध्ये रात्री-अपरात्री तिथे कॅमेरे लावून ठिपक्यांवरून एकेक बिबट्या ओळखला. तेव्हा ३५ भरले. २०१८ मध्ये ४७. एका बाजूला आरे, दुसऱ्या बाजूला मुलुंड, मध्ये ठिपक्यांची एवढी दाट वस्ती. याच २०१८ साली एक इंग्रजी पेपर जगभर गाजला. मुंबईचे बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार भटकी कुत्री खातात, त्यामुळे हजारभर माणसांचे चावे आणि रेबीजच्या नव्वद केसेस टळतात, असा त्यातला अंदाज. गणित चोख, कल्पना झकास. आम्हा मुलुंडकरांना बिबट्या महापालिकेचा बिनपगारी नोकर वाटू लागला. पेपर आला कुठून? ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातून. कुत्रा आपला, बिबट्या आपला, चावा आपला, कॅमेऱ्याची बॅटरी बदलायला चिखल तुडवणारा आपला आणि मथळा ब्रिस्बेनचा. यात बेकायदा काही नाही, छापलेली माहिती वापरायला कुणालाही मोकळीक असते. पण आहेराची वही नेहमी मांडवाबाहेरच का असते, हे मी सरांना विचारलं. सर म्हणाले, “त्यांचं इंग्रजी चांगलं आहे.”

वारल्यांचं नाही. पिढ्यान्‌पिढ्या ते वाघोबाला शेंदूर लावत आणि नैवेद्य दाखवत आले. रम्या नायर, विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी दीडशेहून अधिक वाघोबांची ठाणी नोंदवली आणि २०२१ मध्ये त्यावर पेपर लिहिला, तेव्हा कुठे त्या शहाणपणाला सायटेशन मिळू लागलं. तोवर ती अंधश्रद्धा होती, आता ती को-एक्झिस्टन्स झाली. पाड्यावरच्या आजोबांचा एच-इंडेक्स अजून शून्यच आहे.

विद्या अत्रेय यांचंच आणखी एक काम सांगतो, कारण त्यावर माझा जीव आहे. जुन्नरला बिबटे पकडून दूर सोडायची मोहीम २००१ मध्ये निघाली. लोकांना वाटलं पीडा गेली. अत्रेय आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला. माणसांवरचे हल्ले आधी वर्षाला सरासरी ४ होते, मोहिमेनंतर १७ झाले. उपाय म्हणून जे केलं, त्यानेच दुखणं वाढलं. हा पेपर २०११ साली आला आणि त्याच वर्षी केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनी ऊठसूट बिबट्या उचलून दुसरीकडे सोडायला मनाई केली. पिंजऱ्याच्या मागणीसाठी आमच्या सोसायटीने लिहिलेलं पत्र वन खात्यातल्या एका माणसाने शांतपणे परत केलं आणि चहा पाजून आम्हाला कचरा उचलायला सांगितलं. त्या चहाचा इम्पॅक्ट फॅक्टर कुठल्या जर्नलात शोधायचा?

सरांना यातलं सगळं पटतं. पण सरांची बढतीची, म्हणजे ‘कॅस’ची फाइल तयार व्हायची आहे. २०१० मध्ये यूजीसीने गुणांचं दरपत्रक काढलं. तज्ज्ञांनी तपासलेल्या जर्नलातल्या पेपराला १५ गुण, इम्पॅक्ट फॅक्टर बरा असला तर वर बक्षिशी. दरपत्रक निघालं की दुकानं निघतातच. “ग्रीटिंग्ज ऑफ द डे, एस्टीम्ड प्रोफेसर” अशी सुरुवात असलेल्या ईमेलांचा पूर आला. तीन दिवसांत तपासणी, चौथ्या दिवशी प्रसिद्धी, जीपे चालेल. पुण्याच्या विद्यापीठातले भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी यूजीसीच्या मान्य यादीत विद्यापीठांनी घुसवलेल्या जर्नलांतला नमुना तपासला. ८८ टक्क्यांहून अधिक भुसा निघाला. २०१८ च्या मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ जर्नलं यादीतून उचलून फेकली. मग ‘केअर’ नावाची नवी यादी आली, २०२५ मध्ये तीही गेली. आता कॉलेजांनी आपापलं बघावं. एवढ्या याद्या तर आमच्याकडे वाण्याच्याही झाल्या नाहीत.

मधल्या काळात सरांनी एक कला साध्य केली. एका बिबट्याच्या विष्ठेतून तीन पेपर. पहिला: त्यात कुत्र्याचे केस किती. दुसरा: पावसाळ्यात किती. तिसरा: पहिल्या दोन पेपरांचा आढावा. एक भाकरी चतकोर-चतकोर करून चार घरी वाढायची. परदेशात याला सलामी म्हणतात, एका सॉसेजवरून.

गेल्या आठवड्यात मी त्यांना ओढून घाटकोपरला नेलं. रात्री एक वाजता, बंद भाजी मार्केटच्या गल्लीत. तिथे महापालिकेचा मूषक संहारक भेटला. एका हातात टॉर्च, एका हातात काठी, खांद्याला पोतं. या लोकांचा रात्रीला तीस उंदरांचा कोटा गाजलेला आहे. त्यांच्यावर २०१० मध्ये ‘द रॅट रेस’ नावाचा माहितीपटही निघाला.

सरांनी विचारलं, “दादा, घूस आणि उंदीर ओळखता का?”

तो हसला. बिळाच्या तोंडाशी पडलेली माती, लेंडीचा आकार, चालण्याची ढब, पाऊस पडल्यावर कोणतं गटार सोडून कोण कुठे जातं, सगळं त्याने पंधरा मिनिटांत सांगितलं. समोरून एक चिचुंद्री किचकिचत गेली. त्याने काठी उचललीच नाही. “ती उंदीर नव्हे, साहेब. तिची जात वेगळी.” सर अवाक झाले. एफवायबीएस्सीच्या अर्ध्या वर्गाला ते येत नाही.

“हे सगळं कुठे लिहून ठेवता?”

“लिहायचं काय? सकाळी तीस मोजून द्यायचे, झालं.”

सर हिशेबाला लागले. इतकी माणसं, इतक्या रात्री, इतके उंदीर. नर किती, माद्या किती, गाभण किती. या शहरातल्या छोट्या सस्तन प्राण्यांची याहून मोठी माहिती कुणाकडे असणार! आणि ती रोज सकाळी मोजून टाकून देतात. सरांच्या डोळ्यांत क्षणभर मिलार्ड चमकला. मग त्यांनी मोबाइलवर कुठल्याशा जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर पाहिला. चमक गेली.

पहाटे तो पोतं उघडून मोजू लागला. एकतीस भरले.

“एक जास्त आहे,” सर उत्साहाने म्हणाले, “तो उद्याच्यात धरा ना! आम्ही तसंच करतो.”

“नाही चालत, साहेब. उद्यापर्यंत वास येतो.”

परतीच्या रिक्षात सर बराच वेळ गप्प होते. मुलुंड चेकनाका आल्यावर म्हणाले, “आमच्याकडे नाही येत.”